आबा अंगणात नाचले तेव्हा

पाचगणीच्या ज्या निवासी शाळेत मी शिकवते, तिथं तैवानहून एक नृत्यशिक्षिका आल्या. तैवानची आणि चीनची लोकनृत्यं शिकवायच्या. नाचात फिरवायला लागणाऱ्या रेशमी फिती इथं कुठून मिळणार? त्यांनी जुन्या साड्यांचे काठ उसवले आणि उसाच्या तुऱ्याच्या काडीला बांधले. बघता बघता वाईपासून कराडपर्यंत स्नेहसंमेलनांत पोरी ते काठ हवेत फिरवू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मलकापूरच्या एका शाळेनं बाईंना बोलावलं. माझं माहेर तिथलंच, म्हणून दुपारी त्यांना घरी जेवायला नेलं. माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. चीनच्या सीमेवर कैक हिवाळे काढलेले.

भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "कसला नाच शिकिवता म्हनं?"

"चीनचा," बाई मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या. "भात लावताना करतात तो."

आबांचा घास हातातच राहिला. "चिन्यांचा नाच? आमच्या पोरींस्नी?"

आई चुलीपाशी गोठल्यासारखी उभी. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "माझे वडील पण शिपाई होते, आबा. अगदी कोवळे असताना चीनमधल्या यादवीत हरलेल्या सैन्यानं त्यांना गावातून उचललं, जहाजानं तैवानला आणलं. मग किनाऱ्यावर पहारा. बंदूक चीनकडे. आणि तिकडे त्यांची आई."

"भेटली का परत?"

"नाही. जायची परवानगी मिळाली तोवर ती गेली होती. हा नाच त्यांच्या गावचा. त्यांनीच मला शिकवला."

आबा ताटावरून उठले. हात न धुता अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. आता बाईंना जायला सांगणार, असं वाटून मी मागोमाग धावले.

"आमच्या समोरच्या चौकीत एक पोरगं हुतं," ते माझ्याकडं न बघताच बोलू लागले. "चिनी. सकाळी थंडीनं पाय आपटत नाचायचं. आमी लय हसायचो. म्होरल्या हिवाळ्यात दिसलं न्हाई. मी रोज दुर्बिणीतनं बघायचो."

एवढ्या वर्षांत फौजेतल्या गोष्टी आम्ही किती ऐकल्या, त्यात हा पोरगा कधीच नव्हता.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. "कसा नाचायचा?" त्यांनी विचारलं.

आणि आबा नाचले. घरच्या लग्नातसुद्धा वरातीपासून लांब उभा राहणारा हा माणूस दुखऱ्या गुडघ्यानं पाय आपटत, खांदे उडवत नाचला. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

बाईंनी नीट पाहिलं आणि मान हलवली. "असा नाच आमच्यात नाही. त्याला फक्त थंडी वाजत असेल."

आबा मोठ्यानं हसले. मग डोळे पुसून पुन्हा जेवायला बसले.

संध्याकाळी कार्यक्रमात पोरी भातलावणीचा नाच नाचल्या. आबा पहिल्या रांगेत बसले होते, टाळ्या न वाजवता, टक लावून.

घरी परतताना मी आईला हळूच विचारलं, "त्या पोराचं तुला ठाऊक होतं?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "त्यास्नी नाचता येतं, ह्ये बी आजच कळलं."