लांबच्या देवाचा नारळ

माझी बायको गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून एक नारळ फोडला, आणि तो कुजका निघाला.

निवडला मी. फोडलाही मी. त्यामुळे कुजवलाही मीच, असं तिचं म्हणणं. ही आडाळ्यावर बसून खोबरं खवायची वाट बघत होती (आमच्याकडे विळीला आडाळो म्हणतात). मी पायरीवर कोयत्याच्या पाठीने घाव घातला आणि असा वास सुटला, की अंगणातलं कुत्रं उठून शेजारच्या वाडीत राहायला गेलं. हिने नाकाला पदर लावला.

"विलायतेक जावन इल्यात," ही म्हणाली, "पण नारळ बरो की कुसको तां अजून कळना नाय तुमका."

"विलायतेत पयल्या चेंडवात नारळ पाडलंय मी, गो," मी म्हटलं.

"व्हय म्हाराजा," ही म्हणाली, आणि आत जाऊन दुसरा नारळ स्वतः हलवून, कानाशी लावून आणला. तो अर्थात चांगला निघाला.

आमटी झाली. जेवलो. दुपारी ही आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. असेल.

आता तो विलायतेतला नारळ. ही गोष्ट मी दर नारळी पुनवेला किनाऱ्यावर सांगत आलो. सांगताना ही जवळपास असली, की शेवटी एकच शब्द टाकायची: "व्हय म्हाराजा." गाऱ्हाणं घालताना लोक देवापुढे म्हणतात ना, तसं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, बायको साक्ष देते आहे. मलाही तसंच वाटायचं! आज मात्र खरं काय झालं ते लिहितो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. नक्की साल ही सांगायची. आता विचारायची सोय नाही. मी चौथीच्या वर्गात दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा मास्तर दमले, म्हणून बोटीवर खलाशी झालो. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. हिने एकही देव सोडला नव्हता. मालवणपासून बांद्यापर्यंत जेवढे देव, तेवढ्यांना हिचा नवस. एकानेही मनावर घेतलं नाही.

लग्नाच्या वर्षी हिने परसात माड लावला होता. त्याला त्या साली पहिला नारळ धरला. एकच. मी बोटीवर निघालो तेव्हा हिने तो सोलून, शेंडी ठेवून, कुंकू लावून माझ्या ट्रंकेत ठेवला.

"हंयच्या सगळ्या देवांक सांगान झाला," ही म्हणाली. "त्यांच्याकडे रांग आसा. तुमी ह्यो नारळ लांबच्या देवाक ठेवा. थंय आमच्यातला कोण जाणा नाय. तो मोकळो असतलो."

मी चौथी, ही दुसरी. पण हिशेब मला पटला.

विलायतेच्या बंदरात बोट लागली त्याच दिवशी मी ओल्या डेकवरून घसरलो आणि पाय मोडला. बोट निघून गेली. इस्पितळात पायाला प्लास्टर घातलं आणि पुढची बोट येईपर्यंत मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न पडला. आमच्या चीफ साहेबाची एक म्हातारी बहीण खेड्यात एकटी राहायची. साहेब म्हणाला, तिकडे टाका. टाकलं.

त्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. लोकांना वाटतं विलायत म्हणजे मोठमोठ्या माड्या. खोटं! एक रस्ता, एक देऊळ (म्हणजे चर्च), एक दारूचं दुकान, एक तळं, तळ्यात बदकं आणि दिवसभर भुरभुर पाऊस. तो पाऊससुद्धा धड नाही. आमच्याकडे पडतो तो पाऊस. तिकडे कोणीतरी वरून शिंकत असतं. बाकी सगळं आमच्यासारखंच. बायका कुंपणाशी उभ्या राहून दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलायच्या. भाषा कळत नव्हती, पण हातवारे ओळखीचे होते. मी सकाळी दोनदा खोकलो, तर दुपारी वाणी खोकल्याच्या गोळ्या घेऊन दारात! म्हटलं, सात समुद्र ओलांडून आलो तो आपल्याच वाडीत.

मला इंग्रजी येत होतं ते बोटीवरचं. "येस", "नो", "थँक्यू" आणि साहेब लोक रोज वापरायचे ते चार-पाच शब्द. ते शब्द म्हणजे शिव्या हे मला माहीत नव्हतं. मडमेने पहिल्या दिवशी चहा दिला तेव्हा मी तोंडभरून तिची आणि चहाची तारीफ केली. म्हातारी क्षणभर पांढरी (म्हणजे आणखी पांढरी) पडली, मग इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. त्या दिवसापासून मी तिचा लाडका.

पण नारळ ट्रंकेतच. पाय प्लास्टरमध्ये, चर्च टेकडीवर. शेवटी मी नारळ काढून मडमेपुढे धरला, बोटाने चर्च दाखवलं, हात जोडले आणि म्हटलं, "चर्च. गिव्ह." मडमेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि घेऊन गेली. मी म्हटलं, झालं! देवाकडे पोचला. त्या दिवशी मी निवांत झोपलो. असा मूर्ख माणूस निवांतच झोपतो.

शनिवारी टेकडीखाली चर्चच्या मैदानावर जत्रा होती. मला एकचाकी हातगाडीत बसवून नेलं. चालवणारा गावचा खाटीक. माणूस म्हणजे दरवाजा! मैदानात केक, भाज्या, बँडबाजा, सगळं होतं. आणि एका टोकाला पाच-सहा खांब रोवलेले, प्रत्येकावर एक नारळ. मी मनात म्हटलं, वा! इथेही नारळाची पूजा आहे.

मधल्या खांबावर आमचा नारळ. शेंडीसकट. कुंकवासकट.

एवढ्यात एक पोरगी पुढे आली आणि तिने लाकडी चेंडू उचलून नारळाला फेकून मारला! मग तिच्या आजोबांनी मारला. लोक टाळ्या वाजवत होते. नाणं द्यायचं, तीन चेंडू घ्यायचे, नारळ पाडला की तो घरी न्यायचा आणि खायचा, असा तो खेळ. चर्चच्या मदतीसाठी. माझा नारळ मडमेने मोठ्या मनाने चर्चला दिला होता, तो असा.

आता आम्हीही नारळी पुनवेला नारळ लढवतो, नाही असं नाही. पण ते नारळावर नारळ, समोरासमोर. हे म्हणजे कुत्र्याला दगड मारल्यासारखं. आणि तो नारळ साधा नव्हता. त्यात हिची सात वर्षं होती.

मी पुढे बघितलं, तर खाटीक बाह्या सरसावत होता.

मी कुबडी घेऊन उठलो, एक नाणं टाकलं आणि तीन चेंडू घेतले. घरी मी चाळीस वर्षं सांगितलं, की पहिल्याच चेंडूला पाडला. खरं ते असं.

पहिला चेंडू पाद्रीबाबाच्या चहात पडला. बाबा खांबांपासून बराच लांब, पाठमोरा उभा होता. कप फुटला, चहा पांढऱ्या झग्यावर.

दुसरा चेंडू बँडच्या मोठ्या ढोलावर बसला. धडाम! बँडवाल्यांना वाटलं खूण झाली, त्यांनी राणीचं गाणं सुरू केलं. सगळं गाव जागच्या जागी ताठ उभं. टोप्या काढलेल्या. खाटीकसुद्धा चेंडू छातीशी धरून उभा. आख्ख्या मैदानात हलत होतो तो मी एकटा, एका पायावर.

गाणं संपलं. तिसरा चेंडू मी सगळा जीव एकवटून फेकला. कुबडी मऊ मातीत रुतली आणि चेंडू पुढे जायच्या ऐवजी सरळ खाली, खाटकाच्या अंगठ्यावर. तो काय बोलला ते मात्र मला शब्दन् शब्द कळलं. बोटीवरची भाषा!

मग खाटकाने, लंगडत, एकच चेंडू मारला. आमचा नारळ पडला.

तो त्याने उचलला, हवेत उंच धरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी गवतावर बसून रडायला लागलो. सव्वीस वर्षांचा बाप्या. वादळात डेकवर उभा राहणारा. पाय पुढे पसरून, लहान पोरासारखा मोठ्याने.

टाळ्या थांबल्या. मडम आली, पाद्रीबाबा चहासकट आला. मला शब्द येत नव्हते (जे येत होते ते इथे चालले नसते). म्हणून मी नारळाकडे बोट केलं. मग मंगळसूत्राची खूण केली. मग सात बोटं दाखवली. मग हातात बाळ घेऊन जोजवल्यासारखं केलं, आणि हात रिकामे करून दाखवले.

खाटकाने नारळ माझ्या मांडीवर ठेवला, मला नारळासकट हातगाडीत घातलं आणि दुखऱ्या अंगठ्याने टेकडी चढला. मागे पाद्रीबाबा. त्याच्यामागे सगळी जत्रा.

चर्चमध्ये मी नारळ देवापुढे ठेवला आणि आमच्या पद्धतीने गाऱ्हाणं घातलं. मोठ्याने. दुसरं येतच नव्हतं.

"बा देवा, लांबच्या म्हाराजा! मी तुज्या गावचो न्हय. माजी भाषा तुका येना नाय, तुजी माका येना नाय. पण रिकामी वटी तुका कळतली. माजी बायल शेवंती, तिची वटी भर."

बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची आमच्यात रीत नाही. त्या दिवशी घेतलं. पण गाऱ्हाण्याला कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. मी मागे वळून खाटकाला म्हटलं, "व्हय म्हाराजा बोल." त्याने टोपी काढली आणि तो जे काय बोलला त्याला मी "व्हय म्हाराजा" धरलं. मग सगळे बोलले.

नारळ चर्चच्या पायरीवर फोडला. अर्धा देवाला ठेवला, अर्ध्याचे तुकडे वाटले. खाटीक डोळे मिटून खोबरं चावत होता. त्याला बहुतेक वाटलं, गिळल्यावर काहीतरी होतं.

पुढच्या श्रावणात आम्हांला मुलगी झाली. आता लांबच्या देवाचं, इथल्या देवांचं की मी घरी जास्त दिवस राहिलो त्याचं, हे हिने मला कधी ठरवू दिलं नाही. मी हिला एवढंच सांगितलं, की नारळ पोचला. मध्ये एक खेळ होता, त्यात पहिल्या चेंडूला पाडला. ही म्हणाली, "व्हय म्हाराजा."

ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रामपंचायतीत नोंद करायला रेशनकार्ड लागतं म्हणून मी तिची ट्रंक उघडली. मुलगी आदल्या दिवशीच नांदगावहून आली होती. ती चूल पेटवत होती. ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या लुगड्याखाली, एक पाकीट सापडलं. तिकिटावर तरुण राणी. पत्ता इंग्रजीत, पण "शेवंती" एवढं मी बोट ठेवून वाचलं. पाकीट हाताळून हाताळून कापडासारखं मऊ झालेलं. आत एक फोटो.

फोटोत मैदान. गवतावर मी, पाय पसरलेला, तोंड उघडं, रडतो आहे. बाजूला खाटीक, त्याच्या हातात आमचा नारळ.

म्हणजे मी बोटीवर असताना मडमेने चीफ साहेबाकडून पत्ता घेऊन पाठवला असणार. म्हणजे सगळी वर्षं हिला माहीत होतं. प्रत्येक नारळी पुनवेला.

मी फोटो खिशात घातला आणि अंगणात गेलो. कालचा कुजका नारळ कुंपणाशी पडला होता. त्याची मोठी करवंटी गडग्याच्या (आमच्या दगडी बांधाच्या) दगडावर ठेवली. वीस पावलं मोजली. तीन दगड उचलले. म्हटलं, एकदा तरी खरं करून दाखवू.

पहिला दगड माडाला लागला. दुसरा कुठे गेला ते अजून सापडलं नाही. तिसरा माझ्याच पडवीच्या कौलावर बसला आणि कौल खळकन् खाली आलं.

मी सवयीने मान खाली घालून उभा राहिलो.

मुलगी बाहेर आली. कौल बघितलं, मला बघितलं.

"असूं दे, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या घरात कौल फुटल्यावर "असूं दे" आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी थोडा वेळ वाट बघितली. मग कौलाचे तुकडे गोळा करता करता मीच मला दोन शिव्या घातल्या, अगदी हिच्या आवाजात. पण हिच्यासारख्या बसल्या नाहीत. नेम तिथेही चुकला.