मागचं डिफरन्शियल

पुढच्या डिफरन्शियलचं काम फोरमननी अडीच दिवसांत संपवलं. बस डेपोत असताना ते एका पाळीत उरकायचे. पण तिथे उभं राहून काम करायला खड्डा होता, हाताखाली दोन माणसं होती आणि वय अडुसष्ट नव्हतं. इथे घरामागची शेड, लोखंडी स्टँडवर चढवलेली जीप आणि पाठीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा.

डेपो सोडून दहा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणते.

जीप मुलाची. आठवड्यातून दोनदा तो आरोग्य केंद्राची नर्स आणि औषधांची खोकी डोंगरावरच्या वस्त्यांवर पोचवायचा. रस्ता खडकाळ, म्हणून त्यानं मोठे टायर बसवले. टायर मोठे झाल्यावर चढावर इंजिनाचा दम निघायला लागला. उपाय एकच होता. इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारं दातेरी चक्र, म्हणजे क्राउन, आणि त्याला फिरवणारा छोटा गियर, म्हणजे पिनियन, ही डिफरन्शियलमधली जोडी बदलायची. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत ती पुढेही बदलावी लागते आणि मागेही, नाहीतर गाडीची दोन टोकं एकमेकांशी भांडत बसतात. मुलानं मागची जोडी एका शनिवारी बसवली. पुढची पुढच्या रविवारी बसवणार होता. मधल्या मंगळवारी टपाल कचेरीच्या रांगेत उभा असताना त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वय चौतीस.

तो गेला त्याला सात आठवडे झाले. या काळात फोरमनना रडताना कुणी पाहिलं नाही. ते वेळेवर उठत, दाढी करत, ताटात पडेल ते खात. एकदा सून भाजीत मीठ घालायला विसरली. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. ती स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं.

नवऱ्याची फेरी आपण चालवायची, असं सुनेनं ठरवलं. ती नवऱ्यापेक्षा बरी गाडी चालवते, असं नर्सबाईंचं मत होतंच. आरोग्य केंद्रानं सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यानंतर फेरी दुसऱ्याला देणार होते.

शुक्रवारी दुपारी गाडी स्टँडवरून उतरवून त्यांनी चाचणी घेतली. सून चालवायला, शेजारी फोरमन, मागे पत्र्या. पत्र्या म्हणजे डेपोतला जुना सहकारी, बसचे चेपलेले पत्रे सरळ करणारा. बोलावलं नसतानाही तो येऊन बसला होता. गावाबाहेरच्या चढावर गाडी सहज चढली. माथ्यावर सुनेनं वळवली आणि उताराला लागल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मागून बारीक, लांबट आवाज आला. पाय दाबला की बंद, उचलला की पुन्हा सुरू.

"बाबा, ऐकलंत?"

"नवे गियर आहेत. आठ दिवस गातात, मग गप्प होतात."

"पुढचेही नवेच आहेत की," पत्र्या म्हणाला. "त्यांचा काय घसा बसलाय?"

"तू पत्रे ठोक."

"तीस वर्षं पत्रे ठोकून अर्धा बहिरा झालोय मी. मला ऐकू येतंय, म्हणजे बघ."

फोरमननी सुनेला गाडी घराकडे घ्यायची खूण केली.

घरी आल्यावर पत्र्यानं चहा घेता घेता सुनेला एक किस्सा सांगितला. असाच आवाज येणारी बस फोरमननी एकदा अडवून धरली होती. साठ प्रवासी खाली उभे. डेपो मॅनेजर धावत आला आणि आरडाओरडा करू लागला. फोरमन म्हणाले, "साहेब, सोडतो की. फक्त पहिल्या सीटवर तुम्ही बसा." बस त्या दिवशी गेली नाही.

"आणि आज म्हणतो, गातात!" पत्र्या म्हणाला. "अरे, ही पोरगी घाट उतरणार. उतारावर पाय उचललेलाच असतो. तिथे दात तुटला तर इंजिन गाडी धरणार नाही. नुसत्या ब्रेकवर किती तग धरेल ती?"

"माहीत आहे मला."

"मग उघड ना बाबा मागचं."

"ते त्यानं बंद केलंय," फोरमन म्हणाले. त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि आत गेले.

पत्र्यानं उरलेला चहा संपवला. तो चपला घालून निघून गेला.

शनिवारी सकाळी शेडमधून पान्याचा आवाज आला म्हणून फोरमन बाहेर आले. सून जीपखाली होती. मागचं ऑइल टबात काढून झालं होतं आणि ती झाकणाच्या बोल्टशी झटत होती. पाना उलटा लावलेला होता.

"तुला जमणार नाही ते."

"नाहीच जमणार. पण सोमवारी नर्सबाई माझ्या गाडीत बसणार आहेत. काय सांगू त्यांना? गाडी गाते?"

फोरमन स्टुलावर बसले.

"त्या शनिवारी मी इथेच होतो," ते म्हणाले. "दात नीट बसतात का बघायला त्यानं पिवळा रंग लावला. चक्र एकदाच फिरवलं. ठसा दातांच्या मधोमध यायला हवा, तो मुळाशी आला होता. मला इथून दिसला."

सून जीपखालून बाहेर आली.

"मग?"

"मी म्हटलं, जरा थांब. तो म्हणाला, बाबा, हा डेपो नाही. मी काही बोललो नाही."

"राग आला?"

"नाही. आत जाऊन बातम्या बघितल्या."

तिनं हातातला पाना चिंधीनं पुसला. "बोलला असतात तर?"

"परत खोललं असतं त्यानं. शिव्या घालत."

"मग शिव्या मी घालते," ती म्हणाली. "तुम्ही उठा, हा पाना सरळ करून द्या."

त्यांनी पाना सरळ करून दिला. मग तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुठ्ठ्यावर आडवे झाले.

झाकण निघालं. कडेला मुलानं भरलेलं लाल सिलिकॉन फोरमननी ब्लेडनं खरवडलं आणि सुनेनं ते सुपलीत भरून टाकून दिलं. पिनियन बाहेर काढलं, पुलर लावून बेअरिंग ओढलं. खाली कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या होत्या, तीन. दोन पुरल्या असत्या. तिसरीमुळे पिनियन चक्रात जास्त खोल घुसत होतं.

"त्याची चूक?"

"हो."

"मोठी?"

फोरमननी ती चकती तिच्या तळहातावर ठेवली. तिनं बोटानं उलटवून बघितली आणि नट ठेवलेल्या डब्यात टाकली.

दोन चकत्यांवर जोडणी झाली. रंग लावला. फोरमननी चक्र चार वेळा फिरवलं, पुसलं, पुन्हा रंग लावला, पुन्हा चार वेळा. ठसा मधोमध आला. त्यांनी सुनेलाही वाकून बघायला लावलं. रविवारी दुपारी गाडी परत उतारावर नेली. सुनेनं पाय उचलला. आवाज टायरचाच होता, बाकी काही नाही. मागे बसलेल्या पत्र्यानं दोनदा कान पुढे केला आणि म्हणाला, "आता मला बहिरा म्हणायला हरकत नाही."

सोमवारी सून साडेसहाला निघाली, नर्सबाईंना आणि नऊ खोक्यांना घेऊन. फोरमननी दाढी केली, जेवले, शेड झाडली. चारला जीप दारात आली.

"घाटात आवाज?"

"नाही. एकदाही नाही."

नव्या गियरांच्या पहिल्या फेरीनंतर डिफरन्शियल किती तापलं ते बघतात. त्यासाठी डेपोत साधी रीत होती. वरून तळहात ठेवायचा, पाचपर्यंत मोजायचं. हात टिकला तर काम चांगलं. फोरमन जीपमागे उकिडवे बसले आणि धुळीनं माखलेल्या मागच्या डिफरन्शियलवर त्यांनी हात ठेवला. चांगलंच गरम होतं, पण सोसवेल इतकं.

सुनेनं रिकामी खोकी उतरवली, आत नेली, हातपाय धुतले, चहा ठेवला. चहा झाला म्हणून सांगायला ती बाहेर आली. फोरमनचा हात अजून तिथेच होता.