मळलेल्या कडेचं पुस्तक

अप्पा पुस्तक उघडून बघायचे नाहीत, त्याची कड बघायचे. जुनं पुस्तक आडवं धरून कागदांवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "इथवर मळलंय, पुढं कोरं. म्हंजे शिकणारा इथंच बसला. हे नको घेऊ."

लातूरला एका अरुंद गल्लीत त्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. जिल्हा नवा झाला, ऑफिसं आली, तेव्हा परीक्षेची पुस्तकं खपतील म्हणून त्यांनी ते थाटलं होतं. "जिल्हा आला, साहेब आले, पाणी तेवढं यायचं राहिलं," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. ही गोष्ट दुष्काळाच्या वर्षाची, तेव्हा तर गल्लीत टँकरही कधीमधीच यायचा.

मी माहूरची. नववीत शाळा सुटली. लातूरला आत्याकडे राहून लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये टायपिंग करत होते. एक दिवस मालक म्हणाले, "नुसत्या टायपिंगवर भागत नाही. गुढीपाडव्यापर्यंत कंप्युटरवर पान लावायला, मजकूर-चित्रं जागेवर बसवायला शिक, नाहीतर मी दुसरी बघतो." परत गेले असते तर बाबांनी बघितलेल्या स्थळाला मान डोलावणं एवढंच हातात होतं. त्या धास्तीनं मी वर्षभर घरीही गेले नव्हते.

अप्पांच्या दुकानात मी कंप्युटरचं सगळ्यात जाडजूड पुस्तक उचललं.

"उशाला घ्यायचंय का?" अप्पांनी ते काढून घेतलं. "कितवी शिकलीस?"

"नववी."

"ह्याचा पहिला धडाच तेवढा मळलाय. शिकलेल्यांनी टाकलं, तू काय करणार?" त्यांनी एक बारकं मराठी पुस्तक पुढे सरकवलं. त्याची कड शेवटपर्यंत काळी, मध्ये एका पानावर हळदीचं बोट. "हे कुणीतरी पार झिजवलंय. जा."

दोन दिवसांत मी रडवेली होऊन परत आले. "अप्पा, पुस्तकात हाय ते आमच्या मशीनवर दिसंना." प्रेसमधलं सॉफ्टवेअर पुस्तकापेक्षा जुनं होतं.

अप्पांनी पुस्तक परत हातात घेतलं. मग म्हणाले, "कड बघितली, मशीन विचारायचं राहिलं. मला तरी कंप्युटरातलं काय कळतंय? बाकीची सगळी इंग्रजीत हाईत. जमल तुला?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मालक जेवायला गेल्यावर, अप्पा दुकानाचं शटर ओढून प्रेसमध्ये आले. घाम पुसत स्टुलावर बसले आणि पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले. ते एक ओळ वाचायचे, मी पडद्यावर शोधायची.

"सापडलं?"

"न्हाई."

"मग शोध की! मीठ जागेवर नसलं तर सैपाक सोडून देतीस का?"

सापडलं की अप्पा ते आमच्या मशीनवर कुठं आहे हे त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहायचे. रोज असंच चाललं. कधी वाचता वाचताच त्यांचा डोळा लागायचा. मी हळूच म्हणायची, "अप्पा, पुढं?"

"पुढं काय, उन्हाळा," असं पुटपुटून ते चष्मा सारखा करायचे.

एकदा मालक लवकर आले. "अप्पा, तुम्ही पण कामाला लागलात का?"

"घागरभर पाणी देणार असलास तर लागतो."

पाडव्याच्या आधी मालकांनी माझ्यापुढे एक अख्खी पत्रिका टाकली. मी लावली. त्यांनी देवाचं चित्र जरा वर घ्यायला लावलं आणि म्हणाले, "उद्यापासून ही कामं तुझ्याकडे."

मी पेढे घेऊन अप्पांकडे धावले.

"गोड खाल्लं की तहान लागती, माय. पाणी कुठनं आणू?" असं म्हणत त्यांनी दोन पेढे खाल्ले. मग म्हणाले, "आता घरी जाऊन ये."

"बाबांना आधी फोन करते, काम पक्कं झालं म्हणून."

"ते सांग बापाला. मायला कंप्युटरचं काय करायचं हाय? पोरगी कशी दिसायली, तेवढंच बघायचं असतं तिला."

नांदेडला बस बदलून मी घरी गेले. परत आले तर शटर बंद. शेजारच्या टेलरनं सांगितलं, टँकरच्या रांगेत अप्पांना भोवळ आली, लेक येऊन उदगीरला घेऊन गेली. आषाढात ते गेल्याचं कळलं.

मी घरी पोचले त्या दिवशी दारात मला बघून आईनं आधी माझं तोंड कुरवाळलं होतं. "वाळलीस गं," म्हणाली आणि ताट वाढायला वळली. कंप्युटरबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. हे अप्पांना सांगायचं होतं.