कुंकवाचा दात

बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद मिस्तरी कधी फेकत नसत. घडी करून टोपीत ठेवत. इंजिनच्या व्हॉलवरच्या, म्हणजे झडपेवरच्या, बारीक फटीत तो घालायचा, दुसऱ्या हाताने मोठं चाक हळूहळू फिरवायचं आणि कागद ओढून बघायचा. कागद अडकला की व्हॉल उघडा, सुटला की बंद. “बराबर?” असं ते इंजिनलाच विचारत.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमचे मिस्तरी कनेरगाव नाक्यावरचे. तेव्हा वीज फार जायची, म्हणून आमची पिठाची गिरणी डिझेल इंजिनवर चालायची. मिस्तरी आले की मी चहा ठेवायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

एकदा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं, “मिस्तरी, ह्यो कॅमशाफ्ट करतो तरी काय?”

“दारं उघडतो अन लावतो. हवा आत आली, येळेवर दार लागलं, की हवा कोंडती. कोंडली की दाब, दाब आला की जोर. उशिरा लागलं तर आलेली हवा परत भाईर. मग दाबतो काय, डोंबल?”

मालक नुसतेच हो म्हणाले. मला मात्र लगेच समजलं. भाकरीला भोक पडलं की वाफ निसटते आणि ती फुगत नाही, तसंच ते.

एका दसऱ्याला इंजिन दुरुस्तीसाठी खोललेलं होतं. सुटे भाग पोत्यावर मांडून मिस्तरी सामान आणायला वाशीमला गेले. यंत्राची पूजा करायची म्हणून मी रॉकेल आणि विटकरीची भुकटी घेऊन सगळे भाग लख्ख घासले. कॅमशाफ्टच्या दातेरी चाकावर एका दाताला लाल डाग होता, तोही मळ समजून काढला. मग शेजारच्या दाताला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावलं.

मिस्तरी आले, इंजिन जोडून गेले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झालं खरं, पण गहू टाकला की धापा टाकायचं, काळा धूर ओकायचं आणि बंद पडायचं. बाया डबे उचलून दुसऱ्या गिरणीवर निघाल्या. ओट्यावरचे लोक म्हणाले, “म्हाताऱ्याची नजर गेली. आता वाशीमचाच माणूस आणा.”

तिसऱ्या दिवशी मिस्तरींना बोलावलं. त्यांनी चाक हाताने फिरवलं. ते अडायला हवं होतं, पण सहज फिरलं.

“दाबच न्हाई. दात चुकला, दारं येळेवर लागंनात,” ते हळूच म्हणाले. “पण लाल खूण बघूनच बसवला व्हता म्या. माझीच नजर चुकली, मालक. तुमी दुसरा माणूस बघा.”

आणि ते उठायला लागले.

लाल खूण! ओट्यावर सहा-सात पुरुष बसलेले. मी दाराबाहेर आले आणि म्हणाले, “ती खूण म्या घासून काढली. तुमी पाहिलं ते माझं कुंकू व्हतं.”

मिस्तरींनी गिरणीतल्या पान्ह्याने झाकण खोललं, त्या दातावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि खो खो हसले. “माय, पूजा केली ती केली, निदान बराबर दाताला तरी करायची!”

मग कागद लावून त्यांनी दारांची वेळ पुन्हा जुळवली. दुपारी गहू दळला. पीठ गरम, बारीक निघालं.

पुढे वीज टिकायला लागली, मोटर बसली आणि इंजिन बंद झालं. मिस्तरी वारल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने विचारलं, “कुंकूवाली ती तुमीच का?”

मी मान डोलावली.

“नजर गेली असं लोक बोलले ते कानावर आलं व्हतं. त्या दिशी पान्हे इकून टाकतो म्हणून सकाळीच पोत्यात बांधले व्हते त्याईनं. घरी आले अन गाठ सोडून बसले. मंग सात वर्सं काम केलं.”

कोपऱ्यात एका फळीवर ते पान्हे लहान-मोठे असे ओळीने मांडलेले होते. एकालाही गंज नव्हता.