गिरणीच्या गोष्टीची नऊ पानं

हंसाच्या पिसांचं दुसरं पोतं अर्ध्यावर आलं होतं. हेडविगाच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती चौघीजणी बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पुढ्यात पिसांचा ढीग होता. एक पीस उचलायचं, काडीच्या दोन्ही अंगांची मऊ लव ओढून काढायची, लव मधल्या टोपलीत टाकायची आणि काडी पायाशी. दारं-खिडक्या बंद. शिंकायचं नाही, मोठ्यानं हसायचं तर नाहीच. आमच्याकडे नाताळच्या आधी उशा-रजयांसाठी हे काम निघतं आणि गोष्टी सांगितल्याशिवाय ते सरत नाही.

"सांग की गं एखादी," शेजारची झोफ्का म्हणाली. "पण आज तरी लांडग्याला जेवू घाल हो. तुझ्या गोष्टीत बिचारा कायम उपाशी."

बाकीच्या दोघींनी ओठ दाबून हसू आवरलं.

झोफ्काचं खोटं नव्हतं. हेडविगानं एकतीस वर्षं गावच्या बेकरीत पहाटेची पाळी केली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. चर्चमध्ये डावीकडचा तिसरा बाक तिचा, हे गावात लहान पोरालाही ठाऊक. आणि तिच्या गोष्टींत लांडग्याला पश्चात्ताप व्हायचा, सावत्र आई रडायची, कुऱ्हाडीची धार ऐन वेळी जायची. गोष्टी तिनं स्वतःच अशा धुऊन काढल्या होत्या. तिच्या आजीच्या तोंडच्या गोष्टी वेगळ्या होत्या. त्यांत मेलेल्या आईच्या केसांचा दोर वळला जायचा, विहिरीतून मुंडकं हाक मारायचं. सात वर्षांची हेडविगा याच टेबलाखाली बसून ते ऐकायची. भीतीनं बोटं तोंडात जायची, पण झोपायला चल म्हटलं की ती टेबलाचा पाय धरून ठेवायची.

आज मात्र तिला गोष्ट सुचेना.

"हिला झालंय तरी काय?" झोफ्का म्हणाली. "लागोपाठ तीन रविवार प्रसाद घ्यायला उठली नाही. सगळी रांग पुढे, आणि ही एकटी बाकावर. कुणाची कोंबडी चोरलीस गं?"

"गुडघा दुखतो."

"गुडघा दुखतो म्हणे! आणि पूर्ण वेळ गुडघे टेकून कोण बसलं होतं?"

हेडविगानं मान वर केली नाही. मनातलं पाप फादरपुढे बोलल्याशिवाय प्रसाद घ्यायचा नाही, हे ती आईच्या मांडीवर शिकली होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती कबुलीच्या रांगेत उभीही राहिली होती. पुढे दोघंच उरले तेव्हा पिशवी उचलून घरी आली.

"ते जाऊ दे," झोफ्का पिसं पुढे ओढत म्हणाली. "तुझ्या नातीचं ऐकलंस का? वाचनालयातल्या क्वेतानं तिचं कार्ड काढून घेतलं. पुस्तकाची पानं कापली म्हणे पोरीनं. शुक्रवारी सगळ्या मुली पुस्तकांवर बोलायला जमतात ना, तिथंही यायचं नाही म्हणाली."

हेडविगाच्या हातातलं पीस तसंच राहिलं.

तेवढ्यात दार उघडलं. गार वाऱ्याबरोबर टोपलीतली लव भस्सकन वर उडाली आणि चौघी एकदम ओरडल्या, "अगं दार!"

पंधरा वर्षांची लिव्हिया शाळेतून आली होती. तिनं दार लावलं आणि केसांवरची लव झटकली.

"ये बाई," झोफ्का म्हणाली. "तुझंच चाललंय. का गं कापलीस पानं?"

लिव्हियानं आधी आजीकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ, चूल पेटलीय का बघावं तसं.

"आवडली नाहीत," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

हेडविगा तेव्हा बोलली असती तर निभावलं असतं. पण समोर झोफ्का होती, आणि झोफ्काच्या तोंडून ते रविवारपर्यंत गावभर झालं असतं. हेडविगानं खाली वाकून काड्या गोळा केल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच जास्त लाज वाटली.

पानं तिनं कापली होती. तीन आठवड्यांपूर्वी लिव्हियाच्या पलंगाखालचा केर काढताना वाचनालयाचं एक काळं पुस्तक तिच्या हाती लागलं. जुन्याच गोष्टी, नव्यानं आणि मोठ्या मुलींसाठी लिहिलेल्या. लिव्हियाच्या वर्गात त्यासाठी नंबर लागत होते. शेवटची गोष्ट तिच्या ओळखीची निघाली, गिरणीतल्या मुलीची. आई लेकीला गिरणीत सोडते आणि म्हणते, एवढं पोतं दळून होईतो येतेच. हेडविगाच्या गोष्टीत आई संध्याकाळी मधाची पोळी घेऊन परत येई. या पुस्तकात पोतं संपतच नव्हतं. आणि ते संपणार नाही हे आईला माहीत होतं. लेकीचा मुका घेऊन ती निघून गेली होती.

हेडविगाला घाम फुटला, कारण तिची स्वतःची लेक दाशा ऑगस्टपासून घरी आली नव्हती. गावातल्या निम्म्या बायकांसारखी तीही ऑस्ट्रियात एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करायची, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. मग तिथं तिला एक माणूस भेटला. "लिव्हियाला इतक्यात सांगू नकोस, मी सांगेन," असं ती फोनवर म्हणाली. तेव्हापासून हेडविगा नातीला सांगत होती, म्हातारा फार आजारी आहे, त्याला टाकून कसं येणार? चार महिने झाले, म्हातारा मरतच होता.

यापुढे याहून भयंकर काही असणार, असं धरून तिनं उरलेली नऊ पानं न वाचताच कापली, कात्री शिवणीला लावून, मागे माग राहू नये अशी. चुलीत टाकणार तोच पहिल्याच ओळीत देवाचं नाव दिसलं. देवाचं नाव असलेला कागद या घरात जाळत नाहीत. तिनं पानं माता मारियेच्या तसबिरीमागे सरकवली आणि रोज तिच्यासमोरच प्रार्थना म्हटली.

बायका गेल्यावर तिनं तसबीर उतरवली, चष्मा लावला आणि उभ्यानंच नऊ पानं वाचली.

मुलगी वर्षभर दळत राहते. मग एके दिवशी जातं थांबवते. पोत्यात खांद्यापर्यंत हात घालते, तळाची शिवण चाचपते आणि दातांनी उसवते. आत शिरते ती पलीकडे बर्फाच्या रस्त्यावर निघते. वाटेत आईचं घर लागतं. दिवा चालू असतो. मुलगी दार वाजवत नाही, पुढे जाते. मधाची पोळी कुठेच नाही. पण मुलगी सुटलेली असते.

हेडविगा खुर्चीत बसली. लिव्हियाच्या पुस्तकात ती मुलगी तीन आठवडे दळतच होती. तिला तिथं हेडविगानं बसवलं होतं.

तिनं लिव्हियाच्या खोलीचं दार ढकललं आणि पानं पुढे केली.

"मला वाटलंच," लिव्हिया म्हणाली. "क्वेताबाई पुस्तक देताना पानं तपासते. घरात आपण दोघीच. मांजराला कात्री धरता येत नाही."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुला चर्चमध्ये सगळे बघतात. मला कोण बघतंय?"

हेडविगा पलंगाच्या कडेवर टेकली. "असलं कशाला गं वाचतेस पोरी? इतकं काळं?"

"त्यात आई सोडून गेली तर सोडून गेली म्हणतात, आजी. म्हातारा आजारी आहे म्हणत नाहीत."

"कधीपासून माहीत आहे?"

"सप्टेंबर. आईनं फोटो पाठवला होता. मागच्या खुंटीवर कुणा पुरुषाचं जाकीट होतं."

"आणि रोज मला विचारायचीस, म्हातारा कसा आहे म्हणून!"

"तुला सांगायला बरं वाटायचं ना." लिव्हियानं पानं उलटून पाहिली. "मी मुलींना सांगितलं, काय शेवट आहे, ती दळतच राहते! सगळ्या हसल्या. मला वाटलं, त्यांना गोष्टच कळली नाही." मग हळू आवाजात तिनं विचारलं, "सुटते का ती?"

"तूच वाच."

लिव्हिया भिंतीकडे तोंड करून वाचू लागली. हेडविगा तिच्या पाठीकडे बघत राहिली. एवढी मोठी पाठ कधी झाली, हे तिला कळलंच नव्हतं. हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

शेवटचं पान झाल्यावर लिव्हियानं डोळे पुसले आणि पानं क्रमानं लावून दिली. "घेऊन जा."

"तू येतेस?"

"नाही." आजी उठली तेव्हा ती म्हणाली, "आणि आजी, म्हाताऱ्याला आता बरं वाटू दे."

हेडविगानं कोट चढवला. अर्ध्या पोत्याचं तोंड बांधायचंही तिला सुचलं नाही. शेजारच्या फाटकाशी झोफ्का बर्फ लोटत होती.

"कुठे निघालीस? पिसं तशीच टाकून?"

"वाचनालयात," हेडविगा म्हणाली. "पानं मी कापली होती, लिव्हियानं नाही. क्वेता पाचला कुलूप लावते, त्याआधी ती परत द्यायचीत आणि पोरीचं कार्ड मागून आणायचंय."