खंडेनवमीची टीम लीडर

नारळ मी स्वतःच्या पैशानं आणला होता. वर नवी साडी. आणि मी कोण? जिच्या आजानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, तिची ही अक्कल. पण खंडाळ्याच्या हॉटेलात मी धुलाईखात्याची टीम लीडर झाले होते ना! छातीवर बिल्ला. आधी बिल्ला चालायचा, मागनं मी.

पुण्याहून एक साहेब ट्रेनिंगला आलेले. सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाले, जुने संस्कार आणि नवं मॅनेजमेंट एकत्र आणायचं. आपण एक कुटुंब. टीम लीडर म्हणजे घरातलं कर्तं माणूस, तेव्हा खंडेनवमीला मशीनची पूजा लीडरनंच करायची. बाकी काय बोलले ते देव जाणे. मी तेवढंच ऐकलं. कर्तं माणूस.

पूजेच्या सकाळी मॅनेजर जवळ आले. हळू बोलले, "मावशी, पूजा सुमन करेल. बाकीच्यांच्या भावना असतात. तुम्ही तेवढं मशीन रिकामं करून द्या."

सुमन पाटलाच्या घरातली. इस्त्री धरायला तिला मीच शिकवलेलं.

मी ओल्या चादरी काढल्या. सगळ्या. वर मशीन पुसूनही दिलं. मग सुमननं पाणी शिंपडलं. माझा हात लागला होता तिथं दोनदा. नारळ माझाच फोडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा गोल बसवलं. मनातलं बोला म्हणाले. मी बोलले.

"पूजा मला नगंच. पन कामाला मी आन् मानाला जात, हे कुटलं कुटुंब? मला लीडर म्हनू नका."

बिल्ला टेबलावर ठेवला.

"मावशी, तुम्ही फार निगेटिव्ह घेताय," मॅनेजर म्हणाले.

आम्ही बारा जणी. अकराजणींनी मान वर केली नाही. दुपारी बिल्ला सुमनच्या पदरावर. मला पाहुण्यांचे संडास. पुढं नऊ वर्षं तेच.

बिल्ला ठेवला त्याच आठवड्यात, रविवारी, आंदर मावळात आईकडं गेले. वाटलं, जवळ घेईल. ती तांदूळ निवडत होती. सुपातली नजर न काढता सगळं ऐकलं आणि म्हणाली,

"तुला न्याव नगं व्हता गं, त्यांच्यात बसाया जागा पायजे व्हती. उद्या जा. संडास धू, पगार घे. पन कुनी घरातली म्हन्लं, तर तोंडावर सांग, मी कामगार हाय."