न जळणारी उशी

पेणजवळच्या मिठागरावर मीठ भरायला नव्या गोणी कधी येत नसत. व्यापारी मुंबईहून जुन्या गोणी मचव्यात, शिडाच्या होडीत, टाकून आणी आणि त्या झाडायचं काम बायकांच्या माथी. स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण मिठागराला त्याची खबर नव्हती.

त्या साली आलेल्या गोणी सिमेंटचे पत्रे करणाऱ्या एका कारखान्यातल्या होत्या. शिवणींत पांढरं, रेशमासारखं काहीतरी अडकलेलं. बायका त्याला कापूस समजल्या. तो दगडाचा धागा होता, ॲस्बेस्टॉस. पण फुकटात मऊ वस्तू मिळतेय म्हटल्यावर त्यांनी ती वेचून घरी नेली. व्यापाऱ्याला ते काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. बायका गोणी झाडत तेव्हा वारा जिकडून येई त्या बाजूला तो उभा राही, ते उगाच नाही.

मी तेव्हा मुंबईत कामगारांसाठी पत्रकं लिहीत असे. सुट्टीत आत्याकडे गेलो, तर ती ओटीवर उशी शिवत बसलेली. केसांत पांढरी धूळ, मधूनमधून कोरडा खोकला. सुनेला आठवा महिना होता. उशी येणाऱ्या बाळासाठी होती.

"आत्या, त्यात काय भरलंयस?"

"गोनीतला कापूस. उंदीर कुरतडत न्हाय, मुंग्या लागत न्हायत. तुज्या मुंबईचाच हाय."

माझं डोकं फिरलं. पत्रे-कारखान्यातल्या एका कामगाराच्या छातीचा फोटो समोर धरून डॉक्टरांनी मला सगळं समजावलं होतं. फुप्फुसात सफाई करणाऱ्या पेशी असतात. आत आलेली धूळ त्या गिळतात आणि संपवतात. हा धागा मात्र त्यांना पचत नाही. गिळणारी पेशी मरते, धागा तसाच राहतो. मग दुसरी पेशी येते, तीही मरते. तिथे वण धरतो आणि वर्षानुवर्षं पसरत श्वासाची जागा खात जातो. हे सगळं मी आत्याला सांगितलं, नफेखोरांच्या उद्धारासकट.

"भाषान संपला?" आत्या म्हणाली. "मंग जेवाला बस."

"बाळ रात्रंदिवस त्यावर तोंड ठेवणार! चुलीत घाल ती उशी!"

"तूच घाल. बगू दे मला."

मी घातली. कापड भुर्रकन जळालं. आतला गोळा निखाऱ्यांवर पांढरा शुभ्र, जसाच्या तसा. आत्याने चिमट्याने तो उलटापालटा केला आणि खदखदून हसली.

"बगलंस? आगीला बी ऐकत न्हाय! आनि तू कागद वाटून त्याला घालवनार!"

सून चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आत्याबाय," ती सासूला म्हणाली, "जे चुलीत जलत न्हाय, ते पोराच्या छातीत कसं जिरंल?"

आत्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. माझ्या एवढ्या पत्रकांत असं एक वाक्य नव्हतं. मुंबईला परतल्यावर पुढच्या पत्रकात मी ते सर्वांत वर, ठळक छापलं.

धूळ उडू नये म्हणून आत्याने चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. ओला गोळा पदरात न घेता करवंटीत घेतला. मी मागच्या बांधाशी खोल खड्डा खणून तो पुरला. संध्याकाळी आत्याने सुनेचं वाक्य घरोघर पोचवलं. दुसऱ्या दिवशी मिठागरावर एकाही बाईने गोणीला हात लावला नाही. व्यापारी ओरडला, तशी आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेट, एक गोन तुमी झाडून दाखवा. तोंड उगडं ठेवून." शेटने गोणी परत मचव्यात भरल्या.

मी विजयी मुद्रेने पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. आत्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि रिकामी पिशवी मला परत दिली.

"हे कागद मी वाटतंय. तू पेनच्या बाजारात जा नि मोहरी आन. पोराला मोहरीची उशी नको?"